फुकटातला अँटिव्हायरस कोणता? कराडच्या एका घरातल्या लॅपटॉपचं प्रकरण

"भावजी, फुकटातला चांगला अँटिव्हायरस कुठला? नाव सांगा, पोरगा लगेच टाकून घेईल." शेजारच्या वहिनींनी हे विचारलं ते २०२५ च्या दिवाळीनंतर. या प्रश्नाला लोक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. कुणी अव्हास्ट म्हणतं, कुणी एव्हीजी, कुणी सांगतं की पैसे भरा आणि निवांत राहा. मी नाव सांगायच्या आधी लॅपटॉप बघायला मागितला. घरात त्याच्यावर काय काम चालतं आणि आत आधीच काय काय बसलेलं आहे, हे कळल्याशिवाय सांगितलेल्या नावाला काही अर्थ नसतो.

घर कराडमधलं. वहिनी फराळाच्या ऑर्डरी घेतात. कुणाची चकली किती किलो, आगाऊ रक्कम किती, बाकी किती, हा सगळा हिशेब एका एक्सेल फाइलमध्ये. दादा साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. बँक, एलआयसीचे हप्ते, वीजबिल त्यांच्याकडे. मुलगा बारावीला, त्याचे सीईटीचे सराव पेपर. तिघांचं काम एकाच लॅपटॉपवर आणि तेही एकाच खात्यातून. लॅपटॉप २०१८ चा: आय-थ्री, सातवी पिढी, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. सुरू करून चहा ठेवावा, चहा गाळून होतो तेव्हा कुठे डेस्कटॉप हाताशी येतो, असं वहिनींनीच सांगितलं.

अँटिव्हायरसची आठवण व्हायला दोन गोष्टी कारण झाल्या होत्या. ऐन दिवाळीच्या गडबडीत वहिनींनी ऑर्डरींची यादी छापायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात दिला आणि तो परत आल्यावर त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले. आणि गेले काही महिने स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब नूतनीकरण करा" अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्या येत होत्या. दादा त्या पाटीवरून पैसे भरायच्याच बेतात होते.

पेनड्राइव्ह आणि कोपऱ्यातली पाटी

पेनड्राइव्हमध्ये "ऑर्डर", "फोटो", "शाळा" असे फोल्डर दिसत होते, पण प्रत्येकाच्या चित्रावर खाली डाव्या बाजूला छोटा बाण. त्यातल्या "ऑर्डर"वर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. "टार्गेट"च्या चौकटीत फोल्डरचा पत्ता असायला हवा होता. तिथे विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा चालवणारी खिडकी, आणि त्याच्या पुढे कुठल्याशा व्हीबीएस फाइलचं, म्हणजे एका छोट्या प्रोग्रामचं, नाव होतं. म्हणजे "ऑर्डर"वर डबल क्लिक केलं की आधी ती फाइल चालणार आणि मागोमाग खरा फोल्डर उघडणार. माणसाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तेवढ्यात ती फाइल लॅपटॉपमध्ये घर करते. पुढे त्या लॅपटॉपला जो जो पेनड्राइव्ह लागेल, त्याची हीच गत. पेनड्राइव्ह लावल्या लावल्या आपोआप काही चालू होणं मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ पासूनच बंद केलं, म्हणून हे कीडे आपल्याच बोटाची वाट बघत बसतात.

खऱ्या फाइली कुठेही गेलेल्या नव्हत्या. त्यांच्यावर "लपलेली" आणि "सिस्टीमची" असे दोन शिक्के मारलेले होते. अ‍ॅट्रिब नावाची डॉसच्या काळातली आज्ञा चालवली की ते शिक्के निघतात. दिवाळीच्या ऑर्डरी परत दिसल्या तेव्हा वहिनींचा जीव भांड्यात पडला. शॉर्टकट झालेला पेनड्राइव्ह लोक घाबरून फॉरमॅट करतात आणि हाती असलेला डेटा स्वतःच घालवतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितो आहे.

कोपऱ्यातली पाटी मात्र वेगळंच प्रकरण निघालं. पाटीत खाली बारीक अक्षरात क्रोमचं नाव आणि एका वेबसाइटचा पत्ता होता. कुठलाही अँटिव्हायरस ती पाटी दाखवत नव्हता. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्सची यादी उघडली, तर परवानगी दिलेल्या साइट्समध्ये सिनेमे उतरवून घ्यायची एक साइट आणि निकाल दाखवतो म्हणणारी एक साइट सापडली. कधीतरी "तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा" असं आलं होतं आणि ते दाबलं गेलं होतं. परवानगी काढली, पाट्या बंद. जगातला कुठलाही अँटिव्हायरस आणला असता तरी या पाट्या बहुधा चालूच राहिल्या असत्या, कारण त्यांच्या मागे व्हायरस नव्हता. दादांनी पैसे भरले असते तर कार्डाचा नंबर कुणाच्या हाती गेला असता, ते सांगायला नको.

लॅपटॉपच्या आत काय होतं

लॉकडाउनमध्ये, ऑनलाइन शाळा चालू असताना, या लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली होती. दुरुस्त करणाऱ्याने नवी डिस्क टाकली, विंडोज भरून दिलं आणि एका वर्षाचा पैशाचा अँटिव्हायरसही घातला. ते वर्ष कधीच संपलं होतं, तरी तो प्रोग्राम अजून सुरुवातीलाच चालू व्हायचा आणि नूतनीकरण मागायचा. पुढे मुलाने नेटवरून फुकटातला एक अँटिव्हायरस घातला. त्याच्यासोबत एक "क्लीनर" आणि एक "ड्रायव्हर अपडेटर" न विचारता आले. खरं तर विचारलं असणार, पण सोबतच्या प्रोग्रामपुढची बरोबरची खूण काढायची राहिली. म्हणजे ४ जीबी रॅममध्ये दोन पहारेकरी एकमेकांच्या पायात पाय घालत होते. प्रत्येक फाइल उघडताना दोघांचीही तपासणी, आणि खाली फिरती डिस्क. चहाचा हिशेब इथे लागला.

विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, कुठे आहे म्हणून बघितलं, तर तो बंद. त्याच्या सेटिंगवर "हे तुमचा प्रशासक सांभाळतो" असा संदेश. घरगुती लॅपटॉपला कुठला आलाय प्रशासक? शोधताना एक्सक्लूजन्सची यादी उघडली, म्हणजे "या जागा तपासू नकोस" असं डिफेंडरला सांगायची यादी. तिच्यात एकच नोंद होती: अख्खा सी ड्राइव्ह.

विंडोज चोरीचं होतं, परवाना नसताना विंडोज चालू करून देणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरने चालू केलेलं. हे अ‍ॅक्टिव्हेटर व्हायरस म्हणून पकडले जातात, म्हणून ते घालणारा माणूस आधी डिफेंडर गप्प करतो, एक्सक्लूजन टाकतो आणि मगच आपलं काम करतो. काम झाल्यावर ते पूर्ववत करायचे कष्ट कुणी घेत नाही. अ‍ॅक्टिव्हेटरमध्ये दर वेळी विष असतंच असं मी म्हणणार नाही. पण तुमच्या घराचा पहारा बंद करूनच जो आत येतो, त्याच्यासोबत आणखी कोण आलं हे कळायला मार्गच उरत नाही. गावोगावी हजारो मशीन अशा अवस्थेत आहेत आणि त्यांचे मालक दर वर्षी "कुठला अँटिव्हायरस चांगला" हे विचारत असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एक्सक्लूजनमध्ये सी ड्राइव्ह असताना डिफेंडर नुसता चालू करूनही काही उपयोग झाला नसता.

यात वाईटातून चांगलं एक निघालं. लॅपटॉप ब्रँडेड होता आणि विकत घेतला तेव्हा त्यात खरं विंडोज १० होम आलेलं होतं. विंडोज ८ च्या काळापासून कंपन्या परवान्याची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहून देतात. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, किल्ली जात नाही. एका ओळीची आज्ञा देऊन बघितली तर ती २५ अक्षरांची किल्ली समोर आली. दादांनी २०१८ मध्येच विंडोजचे पैसे दिले होते! तरी त्यांच्या लॅपटॉपवर चोरीचं विंडोज प्रो बसवलेलं होतं, कारण दुरुस्तीवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये तेच तयार होतं.

पर्याय तोलताना

दादांची शंका रास्त होती. "फुकटच्या वस्तूवर बँकेचा व्यवहार सोपवायचा? त्यापेक्षा दोन पैसे गेलेले बरे." फुकट देणारा कमावतो कशातून, हे विचारलंच पाहिजे. अव्हास्ट ही प्रागची कंपनी, १९८८ पासूनची, आणि घरगुती वापरासाठी फुकट अँटिव्हायरस जगभर पोचवण्यात तिचा मोठा वाटा. याच कंपनीची जम्पशॉट नावाची उपकंपनी वापरणाऱ्यांच्या ब्राउझिंगचा डेटा विकत होती, हे जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग या बातम्यांच्या साइट्सनी उघड केलं. जम्पशॉट लगेच बंद झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अव्हास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि जाहिरातींसाठी असा डेटा विकायला बंदी घातली. पहारा द्यायला ठेवलेला प्रोग्रामच कोण कुठल्या साइटवर जातो याची वही लिहीत होता. त्यानंतर सुधारणा झाली असेल, पण एका घरगुती लॅपटॉपसाठी तो विश्वास पुन्हा टाकायची गरज मला वाटली नाही.

एव्हीजीचं नाव मुलाने काढलं. एव्हीजी २०१६ मध्येच अव्हास्टने विकत घेतली. अविरा नॉर्टनकडे गेली, आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अव्हास्ट एक होऊन जेन डिजिटल झाली. दुकानात चार डबे दिसतात, मालक एकच.

रशियाच्या कॅस्परस्कीचा फुकट प्रकार तपासणीच्या निकालांत वर्षानुवर्षे वरच्या रांगेत असतो. पण जून २०२४ मध्ये अमेरिकेने रशियन सरकारच्या संभाव्य दबावाचं कारण देऊन त्याच्या विक्रीवर बंदी घातली. हा दोन देशांमधला वाद आहे आणि कराडच्या घराने त्यात पडायचं कारण नाही. रोमानियाच्या बिटडिफेंडरची फुकट आवृत्ती सुटसुटीत आहे. बाहेरचा कुणाचा घ्यायचाच असता तर मी तोच घेतला असता. मालवेअरबाइट्स फुकटात फक्त सांगितल्यावर तपासतो, पहारा देत नाही; दुसरं मत घ्यायला ठीक.

क्विक हीलबद्दल आपल्याकडे आपुलकी आहे आणि ती असावी. पुण्यातल्या दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून काटकर बंधूंनी नव्वदच्या दशकात ती उभी केली, फ्लॉपीतून व्हायरस फिरायचे तेव्हा. पण तो अँटिव्हायरस पैशाचा आहे आणि वहिनींचा प्रश्न फुकटाचा होता. घरात कुणालाच यातलं कळत नसेल, अडलं तर फोन करायला माणूस हवा असेल, तर पैसे देण्यात शहाणपण आहे. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर क्विक हील, ईस्कॅन आणि के-सेव्हन यांची बॉट, म्हणजे कॉम्प्युटर दुसऱ्याच्या ताब्यात देणारे व्हायरस, काढायची साधनं फुकट मिळतात. ते केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून सुरू आहे. लोक ती साधनं उतरवून "सरकारी अँटिव्हायरस घातला" असं समजतात. ती एकदा चालवून घाण काढायची साधनं आहेत, रोजच्या पहाऱ्याची नाहीत.

राहिला डिफेंडर. तो २००६ च्या सुमारास आला तेव्हा फक्त स्पायवेअर पकडायचा. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत पुरा अँटिव्हायरस झाला. "विंडोजवाल्यांचा काय कामाचा" ही जुनी समजूत त्या पहिल्या काळातली आहे. जर्मनीच्या एव्ही-टेस्ट प्रयोगशाळेत तो गेली कित्येक वर्षं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण घेतो. त्याच्या उण्या बाजूही सांगायला हव्यात. ऑस्ट्रियाच्या एव्ही-कम्पॅरेटिव्हजच्या वेगाच्या चाचण्यांत तो मागच्या बाकावर असतो. इंटरनेट नसताना त्याची पकड ढिली पडते, कारण नव्या फाइलबद्दलचा बराचसा निर्णय तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारून करतो. आणि त्याचा स्मार्टस्क्रीन धोक्याच्या वेबसाइट अडवतो तो एज ब्राउझरमध्ये. क्रोमवर ते काम गूगलच्या सेफ ब्राउझिंगकडे. पण तो जाहिरात करत नाही, नूतनीकरण मागत नाही आणि त्याची किंमत विंडोजच्या परवान्यात आलेली असते. दादांना एवढंच सांगितलं, की हा फुकट नाही, तुम्ही २०१८ मध्ये याचे पैसे भरलेत.

काय केलं

जुनी डिस्क काढून यूएसबीने जोडायच्या एका केसिंगमध्ये घातली, दुसऱ्या मशीनला लावून तिची पूर्ण तपासणी केली आणि फक्त फोटो, कागदपत्रं, एक्सेल फाइली बाजूला घेतल्या. एकही प्रोग्राम, एकही सेटअप फाइल घेतली नाही. लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली. या प्रकरणातला खर्च एवढाच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्यांच्याच साधनाने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज १० उतरवलं. सेटअपने चिपमधली किल्ली वाचली, आवृत्तीही न विचारता होम बसवली आणि इंटरनेट जोडताच ती खरी म्हणून चालू झाली.

यानंतर अँटिव्हायरस म्हणून काहीच घातलं नाही. डिफेंडर आहे तोच. टॅम्पर प्रोटेक्शन चालू असल्याची खात्री केली, म्हणजे दुसरा प्रोग्राम त्याला परस्पर बंद करू शकत नाही. क्लाउडची मदत चालू, नको असलेले आगंतुक प्रोग्राम अडवणं चालू, एक्सक्लूजनची यादी रिकामी. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर व्हायरससाठी असलेलं फोल्डर-संरक्षण मुद्दाम चालू केलं, ते आपोआप चालू नसतं. त्याने पहिल्याच दिवशी मुलाच्या क्लासच्या सराव पेपरचा प्रोग्राम अडवला. तेवढ्याला परवानगी द्यावी लागली.

मुलासाठी साधं खातं वेगळं केलं, प्रशासकाचा पासवर्ड दादांकडे. मुलगा रुसला. "प्रत्येक वेळी पप्पांना विचारायचं?" हो, काही नवीन घालायचं असेल तर विचारायचं. त्या एका अडसराने क्लीनर आणि ड्रायव्हर अपडेटरसारखे बरेचसे आगंतुक दारातच थांबतात. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दादांनी त्याच दिवशी बदलले. जुन्या विंडोजवरून काय काय बाहेर गेलं असेल याचा भरवसा नव्हता.

डिफेंडर खरंच जागा आहे का, हे घरच्यांना दाखवायला आयकारची चाचणी केली. ६८ अक्षरांची ती एक ओळ निरुपद्रवी आहे. जगातले अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस मानतात. नोटपॅडमध्ये ती टाइप करून फाइल सेव्ह करताच डिफेंडरने फाइल उचलली आणि इशारा दिला. खरा इशारा कसा दिसतो, तो कुठल्या खिडकीत येतो आणि त्यात पैसे मागितले जात नाहीत, हे दादांनी नीट बघून घेतलं.

विंडोज १० चा प्रश्न

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि अँटिव्हायरस निवडताना लोक तो विसरतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या विंडोज १० साठी ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहतील असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं आहे, म्हणून "मग काळजी कसली" असं मुलगा म्हणाला. याद्या आलेल्या फाइलला ओळखतात. विंडोजमध्येच असलेलं भोक त्या बुजवत नाहीत. वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस १२ मे २०१७ ला जगभर पसरला, तेव्हा ज्या भोकातून तो घुसला त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती घेतली त्यांच्याकडे तो त्या वाटेने शिरू शकला नाही.

सातव्या पिढीच्या या आय-थ्रीवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. इंटेलची आठवी पिढी लागते. वळसे घालून बसवता येतं, पण चोरवाटा बंद करायला बसलेलो असताना नवी कशाला काढायची? म्हणून मुदत संपल्यावरही मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा दुरुस्त्यांची नोंदणी केली. विंडोज अपडेटच्या पानावर तिची लिंक येते. आवृत्ती २२एच२ लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. वहिनींच्या मेलवर खातं काढलं आणि बॅकअपमध्ये फक्त सेटिंग्ज ठेवल्या. फोटोंचे फोल्डर चालू राहिले असते तर वनड्राइव्हची फुकट ५ जीबी जागा एका लग्नाच्या फोटोंतच भरली असती. फोटो आणि ऑर्डरींची फाइल दर रविवारी केसिंगमधल्या जुन्या डिस्कवर जाते आणि डिस्क पुन्हा कपाटात. ती लावून ठेवायची नाही, नाहीतर खंडणीखोर व्हायरस तिच्यावरही पोचेल, हे वहिनींना पक्कं सांगितलं आहे.

पेनड्राइव्ह अजूनही झेरॉक्सच्या दुकानात जातो, त्याला इलाज नाही. त्यानंतर एकदा तो तसाच शॉर्टकट घेऊन आला. वाय-फाय चालू होतं, डिफेंडरने व्हीबीएस फाइल अलग ठेवली, आणि वहिनींनी अ‍ॅट्रिबची आज्ञा वहीतून बघून स्वतः दिली. आता छापायच्या फाइलची पीडीएफ त्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, बहुतेक वेळा. फोनवर कुणी "अँटिव्हायरसचा रिफंड देतो, एनीडेस्क घाला" (म्हणजे लांबून आपला लॅपटॉप चालवू देणारा प्रोग्राम) म्हणालं तर फोन ठेवायचा आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवायचं, हे दादांनी लॅपटॉपच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवलं आहे. असा माणूस आपणच बोलावून आत घेतला तर डिफेंडर त्याला ओळखू शकत नाही.

वाढीव दुरुस्त्यांची नोंदणी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. पुढे मुलाला कॉलेजसाठी नवा लॅपटॉप लागेल आणि दादांचं बँकेचं काम त्याच्यावर जाईल. हा जुना वहिनींच्या ऑर्डरींसाठी राहील, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली घालायचा विचार आहे. पेनड्राइव्हवरून चालवून बघितलं: मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालतो, प्रिंटर सापडतो, ऑर्डरींची फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडते आणि बेरजा बरोबर येतात. एका शीटवरचे रंग तेवढे बदललेले दिसतात, आणि बाकी रकमेचे लाल रकाने लालच हवेत असं वहिनींचं म्हणणं आहे. ते जमलं की ठरवू.